गावचे लाकूड आणि गावची राखण

(शिरवळ येथील केंद्र-संमेलनात प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मसुदा)



पावसाळा सुरू झाला की प्रत्येक शाळेत वृक्षारोपण होते. खड्डे खणले जातात, रोपे येतात, पाहुणे येतात, मुले रांगेने उभी राहून पाणी घालतात. हा उपक्रम चांगला आहे व तो चालू राहिला पाहिजे. तथापि त्यातून मुलाच्या मनावर होणारा संस्कार अर्धाच राहतो. झाड लावणे हे पुण्य आणि झाड तोडणे हे पाप, एवढेच त्याला कळते. ज्या बाकावर ते बसते त्या बाकाचे लाकूड कोणत्या झाडाचे, ते झाड कोणत्या डोंगरावर वाढले, ते कोणी तोडले आणि त्याच्या जागी दुसरे लागले की नाही, हे त्याला कोणी विचारीत नाही व सांगतही नाही. घरी गेल्यावर तेच मूल दाराची चौकट पाहते, उखळाजवळचे मुसळ पाहते, आजोबांच्या हातातील काठी पाहते. ह्या सर्व वस्तू झाड तोडूनच झाल्या आहेत. मग पाप कोठे आणि पुण्य कोठे, असा प्रश्न हुशार मुलाच्या मनात उठलाच पाहिजे. तो उठत नाही, ह्याचा अर्थ लाकूड आणि झाड ह्यांचा संबंधच त्याच्या मनातून तुटला आहे.

हा संबंध तुटणे ही केवळ शिक्षणाची उणीव नव्हे. ज्या झाडाची गावाला गरज राहत नाही त्या झाडाची राखणही कोणी करीत नाही, असा अनुभव आहे. हा अनुभव आपल्याच मुलखात पाहता येतो.

शिरवळ हे नीरेच्या काठचे गाव. पलीकडे पुणे जिल्हा, दक्षिणेस खंबाटकीचा घाट. हा मुलूख घनदाट अरण्याचा नव्हे. येथील झाडे बांधावरची, ओढ्याकाठची आणि गायरानातली. परंतु जुन्या काळी ह्या विरळ झाडीचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यात असे. बांधावरची बाभूळ नुसती बाभूळ नसे. तिची वाकडी फांदी नांगरासाठी राखलेली असे, सरळ खोड गाडीच्या चाकासाठी ठेवलेले असे. तुंबा, आरे, पुठ्ठे हे सारे बाभळीचे. डोंगराकडचा धावडा कण्याला उपयोगी, तिवस अवजारांना उत्तम, आंब्याच्या फळ्या खोक्यांना व तक्तपोशीला. गावचा सुतार शेतातून जाता जाता झाडाकडे पाहून, हे अजून चार वर्षे राहू द्या, असे मालकाला सांगे. मालक ते मानीत असे, कारण चार वर्षांनी त्याच झाडाचे जू त्याच्या बैलांच्या मानेवर यावयाचे असे. वनसंवर्धन हा शब्द त्या दोघांनाही ठाऊक नव्हता.

पुढे काळ पालटला. १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या दाराशी आला. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शंका आरंभी लोकांनी घेतली, हे सर्वांना माहीत आहे. परंतु नांगर खोल जाई, पीक चांगले येई, म्हणून तो टिकला. मग गाडीला रबरी चाके आली, शेवटी बैलच कमी झाले आणि ट्रॅक्टर आला. ही प्रगतीच होय. तिच्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. मात्र तिचा एक परिणाम कोणी मोजला नाही. बाभळीचे काम गेले. काम गेले तशी तिची किंमत केवळ जळणाची उरली, आणि जळणाची किंमत असलेले झाड कोणीही कधीही तोडतो. सुताराचा मुलगा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाऊ लागला. झाड पाहून त्याचे वय व उपयोग सांगणारा मनुष्य गावात उरला नाही.

उपयोग आणि राखण ह्यांची ही सांगड महाराष्ट्राला नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी जी व्यवस्था सांगितली आहे ती शिक्षकांनी मुळातून वाचावी. तिचा आशय असा, की आरमारास लागणारी सागवानादी झाडे स्वराज्याच्या रानातून परवानगीने तोडावी व अधिक लागतील ती बाहेरून विकत आणावी. आंबा व फणस हीही आरमाराच्या कामाची. पण त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, मग तोडावे. येथे तोडण्यास सरसकट बंदी नाही आणि सरसकट मुभाही नाही. झाड कोणाचे, त्याला वाढविले कोणी, त्याचे वय काय, हे आधी विचारले आहे.

इंग्रजी अमलात ही दृष्टी बदलली. १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली; गावाभोवतीची राने सरकारी खात्याच्या ताब्यात गेली. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव आपल्या जिल्ह्यातील कटगुण, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात जंगलखात्यामुळे गोरगरीब शेतकऱ्यांची गायराने व डोंगर कसे बंद झाले ह्याविषयी कडक टीका केली आहे. सरकारने जंगल राखले नाही असे म्हणता येणार नाही. पुष्कळ ठिकाणी राखले. पण जे गावाचे होते ते सरकारचे झाले, आणि सरकारचे ते कोणाचेच नाही असे लोक मानू लागले. रात्री जाऊन मोळी आणणे ही चोरी वाटेनाशी झाली. ह्या मनोवृत्तीचे परिणाम कायदे बदलल्यानंतरही अनेक पिढ्या राहिले आहेत.

ही मनोवृत्ती पुन्हा पालटता येते काय? महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला एका लहान गावाने ती पालटून दाखविली आहे. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे योग्य होईल.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात लेखा ह्या गावाजवळ मेंढा नावाची गोंडांची वस्ती आहे. लोकसंख्या पाचशेच्या आसपास. १९८० नंतरच्या वर्षांत इंचमपल्ली व भोपालपट्टणम ह्या मोठ्या धरणांच्या विरोधात त्या भागात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्यात बाबा आमटे होते आणि आदिवासी पुढारी लालश्याम शाह होते. त्या चळवळीतून गावोगावी विचार सुरू झाला. ह्याच काळात चंद्रपूर येथे ‘वृक्षमित्र’ ही संस्था उभी राहिली. तिचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्याला जाऊ लागले. त्यांची कामाची पद्धत लक्षात घेण्याजोगी होती. त्यांनी गावाला रोपे वाटली नाहीत, पैसेही वाटले नाहीत आणि गावाचे पुढारीपणही घेतले नाही. गावकऱ्यांबरोबर बसून अभ्यास केला. ह्याला तेथे ‘अभ्यास गट’ म्हणतात. जंगल कोणाचे, कायदा काय म्हणतो, आपल्या पूर्वजांचे हक्क कोणते होते, बांबू कोण नेतो व कोणत्या दराने नेतो, असे प्रश्न घेऊन लोक बसत. अभ्यास गटाने निर्णय घ्यावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेने घ्यावयाचा, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. एक मनुष्य राजी नसेल तर विषय पुढे ढकलला जाई. बाहेरच्या लोकांना ही पद्धत संथ वाटे. परंतु सर्वांनी मान्य केलेला नियम मोडणारा मनुष्य निघत नाही, हा तिचा लाभ पुढे दिसून आला.

लाकडाचा पहिला तंटा घोटुलावरून झाला. घोटूल म्हणजे गोंड तरुण-तरुणींची सामुदायिक जागा, एका अर्थी त्यांची शाळाच. बंद पडलेला घोटूल पुन्हा उभारावा असे गावाने ठरविले व जंगलातून सागाचे लाकूड आणले. वनखात्याच्या दृष्टीने हा गुन्हा होता. खात्याने ते बांधकाम उतरविले. ह्यावर आसपासच्या गावांची सभा भरली आणि आपापल्या गावी लोक घोटूल उभारू लागले. शेवटी हा वाद निवळला व घोटूल उभे राहिले. ह्या प्रसंगाचे मर्म असे, की लोकांनी लाकूड विकण्यासाठी आणले नव्हते. आपल्या मुलांसाठी घर बांधण्यास आणले होते. आपल्या रानातील लाकूड आपल्या गावच्या कामाला यावे, हा हक्क त्यांनी उघडपणे मागितला.

परंतु केवळ हक्क मागून ते थांबले नाहीत. येथेच मेंढ्याचे वेगळेपण आहे. गावाने स्वतःवर नियम घालून घेतले. जंगलातून काही आणावयाचे तर ग्रामसभेला विचारावे. घरच्या गरजेपुरते घ्यावे. वणवा लावू नये. मधासाठी झाड तोडू नये; पोळ्याला इजा न करता मध काढावा. जंगलात अतिक्रमण करू नये. राखणीसाठी घरोघरची पाळी लावली. बाहेरचा कंत्राटदार असो वा आतला मनुष्य असो, नियम एकच. गावात दारूबंदीही आली, ती ह्याच सभेतून. आणि ह्या सभांना स्त्रिया बरोबरीने बसत. देवाजी तोफा ह्या गावच्या कार्यकर्त्याने ही वाटचाल महाराष्ट्रभर सांगितली. आमच्या गावात आम्हीच सरकार, असे जे घोषवाक्य तेथून प्रसिद्ध झाले, त्याचा अर्थ उद्धटपणाचा नव्हता. सरकार म्हणजे केवळ अधिकार नव्हे. राखण, हिशेब आणि शिस्त हीही सरकारचीच कामे, हे ओळखून गावाने ती पत्करली होती.

ह्या भागातील मोठे धन म्हणजे बांबू. तो कागदगिरणीला दीर्घ मुदतीच्या कराराने दिला जाई. गावाला मात्र आपल्याच रानातील काठीसाठी परवाना लागे. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. तरीही बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, ह्यावर दोन वर्षे घोळ राहिला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्यानंतर गावाने आपला बांबू स्वतः विकला, लक्षावधी रुपये ग्रामसभेच्या खात्यात आले, आणि हिशेब उघड सभेत मांडला गेला. चव्हाण हे आपल्याच जिल्ह्यातील कराडचे, एवढा ह्या दूरच्या हकीकतीशी आपला धागा आहे.

येथे एक गंमत मुलांना जरूर सांगावी. बांबू हे गवत आहे, हे विज्ञानाच्या पुस्तकात असते. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. त्यामुळे शेतातील बांबू तोडणे व नेणे हे झाड तोडण्यासारखेच अवघड होई. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बांबू हा शब्द व्याख्येतून वगळला गेला. नव्वद वर्षे लागली.

बांबूचा विषय निघाला आहे तर त्याचा स्वभावही पाहावा, कारण उपयोग आणि राखण ह्यांचे नाते बांबूइतके स्पष्ट दुसरे कोणतेही वनस्पतिजीवन दाखवीत नाही. बांबूच्या बेटात पावसाळ्यात कोंब येतात. कोंब त्या एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो. पुढे त्याची उंची वाढत नाही, जाडीही वाढत नाही, तो फक्त पक्व होत जातो. सुमारे तीन वर्षांनी काठी कामाला येते. ती काढली नाही तर काही वर्षांत वाळते, बेट आत दाटते, नव्या कोंबांना जागा राहत नाही. सर्वच काढली तर कंदाचे बळ जाते आणि पुढचे कोंब बारीक येतात. म्हणून जून काठ्या काढाव्या, कोवळ्या ठेवाव्या. पावसाळ्यात तोड करू नये. जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेरावर स्वच्छ छाट द्यावी. न तोडणे आणि फार तोडणे ह्या दोहोंनीही बेट बिघडते. हे ज्ञान बुरुडाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मेळघाटात लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या ‘संपूर्ण बांबू केंद्रा’ने हेच ज्ञान कोरकू तरुणांच्या हाती देऊन त्यांच्या उपजीविकेचे साधन केले.

परदेशातही ह्या विचाराला वळण मिळालेले दिसते. इंग्लंडमध्ये १९९४ मध्ये उंची लाकडी सामान बनविणाऱ्या व्यावसायिकांनी ‘वुडलंड हेरिटेज’ नावाची धर्मादाय संस्था स्थापन केली. ज्या झाडांवर आपला धंदा चालतो त्यांचे देणे आपण काही फेडले पाहिजे, असा त्यांचा हेतू. रान राखणारा मालक आणि लाकूड वापरणारा कारागीर ह्यांची गाठ घालून देणे, देशी लाकडाचा वापर वाढविणे, अशी तिची कामे. तेथे कारागीर झाडाकडे परतला. मेंढ्यात गाव रानाकडे परतले. वाटा निराळ्या आहेत.

आता कोणी म्हणेल, गडचिरोलीचे अरण्य कोठे आणि नीरेकाठचे माळ कोठे! तेथे राखण्यास १,८०० हेक्टर आहेत. येथे काय आहे? ही शंका खरी आहे आणि ती बाजूला सारू नये. मेंढ्याचे अनुकरण शिरवळला जसेच्या तसे करता येणार नाही. येथे जमिनीचे भाव वाढले आहेत, महामार्गालगत कारखाने व गोदामे आली आहेत, बांध अरुंद होत चालले आहेत. परंतु ओढ्याचे काठ आहेत, गायरानाचे तुकडे आहेत, शाळांची आवारे आहेत आणि खंबाटकीकडचे उतार आहेत. अभ्यासाला बसण्यास जंगल मोठे असावे लागत नाही. किंबहुना थोडे असेल तेथे हिशेब अधिक नेमका ठेवावा लागतो.

पालकांना सांगण्यासारखी एक माहिती शिक्षकांजवळ असावी. खाजगी जमिनीतील झाड असले तरी साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन असे काही वृक्ष १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ते परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ह्या परवानगीच्या भीतीने पुष्कळ शेतकरी सागाचे रोप लावीतच नाहीत, किंवा आपोआप उगवलेले उपटून टाकतात. कायदा राखणीसाठी झाला आणि त्याच्या अज्ञानामुळे लावणीच थांबली, असे घडू नये. अर्ज कोठे करावयाचा, सातबारावर झाडांची नोंद कशी करावयाची, हे सांगणारा गावात बहुधा शिक्षकच असतो.

वर्गात करावयाच्या कामाविषयी दोन-तीन सूचना पुरेत. चौथीपासूनच्या मुलांनी आपापल्या घरातील लाकडी वस्तूंची यादी करावी: वस्तू, झाडाचे नाव, लाकूड कोठून आले, किती वर्षांपूर्वी. आजी-आजोबांना विचारल्याशिवाय हे काम होत नाही, हा त्याचा अधिक लाभ. नव्या वस्तूंपुढे ‘माहीत नाही’ असे पुष्कळदा लिहावे लागेल. तेही लिहू द्यावे. गावात जुना सुतार किंवा बुरूड असेल तर त्याला एक तास वर्गात बोलवावे आणि शिक्षकांनी मुलांबरोबर खाली बसून ऐकावे.

सहावी-सातवीच्या मुलांनी आवारातील झाडांचे घेर मोजावे. घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३७ मीटरवर, सुतळीने घ्यावा व दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा घ्यावा. लाकडाच्या व्यापारात ओंडक्याचे घनफळ काढण्याची एक जुनी रीत आहे: घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा आणि लांबीने गुणावे. घेर १२० सेंटिमीटर व लांबी ३ मीटर असेल तर ०.३ × ०.३ × ३, म्हणजे ०.२७ घनमीटर. हाच ओंडका वृत्तचिती समजून मुलांनी मोजला तर उत्तर सुमारे ०.३४ येईल. म्हणजे व्यापारी रीतीने एक पंचमांशाहून थोडे अधिक लाकूड हिशेबाबाहेर राहते. साल, वाकण व चिराई ह्यांत काही जाते हे खरे. पण ज्याला दोन्ही रीती येतात तो आपल्या झाडाचा सौदा डोळे उघडे ठेवून करील.

वर्षवलये मोजण्याचा धडा घेताना सागाचा तुकडा मिळवावा. सागाची वलये स्पष्ट असतात. बाभळीच्या किंवा आंब्याच्या बुंध्यावर ती तशी दिसत नाहीत, आणि पुस्तकात आहे म्हणून मुले नसलेली वलये मोजून दाखवितात.

ह्या सर्व नोंदींसाठी एक वही ठेवावी व ती वर्गाबरोबर पुढे जावी. तिच्यात शेवटचा रकाना असावा: तोडलेल्या झाडाच्या जागी नवे लागले काय, आणि लागले असल्यास ते दुसऱ्या उन्हाळ्यात जगले काय. हा रकाना पुष्कळदा रिकामा राहील. तपासणीला कोणी येणार म्हणून शिक्षकांनी तो आपल्या हाताने भरू नये. मुलाने जाऊन पाहावे आणि मगच लिहावे.